आधी टोपली, मग निर्देशांक

सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांना जेवण देणारी एक खानावळ डोळ्यांसमोर आणा. वर्षभरात तूरडाळ चाळीस टक्क्यांनी चढली, तांदूळ आणि तेल दहा-दहा टक्क्यांनी, सिलिंडर पाच टक्क्यांनी. कांदा मात्र वीस टक्क्यांनी उतरला. आता डब्याचा दर किती वाढवायचा? मालकीणबाई डाळीकडे बोट दाखवतील, मुले कांद्याकडे. दोघांचेही खरे आहे, पण त्यातून दर ठरत नाही. दर ठरवायला पाच भावांची हालचाल एका आकड्यात आणावी लागते. तो आकडा म्हणजे किंमत निर्देशांक. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला तो परीक्षेत भेटतो, दुकानदाराला कंत्राटात आणि नोकरदाराला महागाई भत्त्यात. तिन्ही ठिकाणी गाडी बहुधा एकाच जागी अडते. आकडेमोड बरोबर असते, पण टोपली कोणाची हे विचारायचे राहून जाते.

खानावळीचा हिशेब मांडून पाहू. आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, भाव कोणत्याही बाजाराचे नाहीत. गेले वर्ष हे आधार वर्ष, यंदाचे चालू वर्ष, आणि खरेदी महिन्याची.

तांदूळ: गेल्या वर्षी ५० रुपये किलो, २०० किलो, यंदा ५५ रुपये, २१० किलो.
तूरडाळ: १२० रुपये किलो, ६० किलो, यंदा १६८ रुपये, ४० किलो.
तेल: १३० रुपये लिटर, ८० लिटर, यंदा १४३ रुपये, ८० लिटर.
कांदा: २५ रुपये किलो, १५० किलो, यंदा २० रुपये, १८० किलो.
व्यापारी सिलिंडर: १,८०० रुपये, १० नग, यंदा १,८९० रुपये, १० नग.

सर्वांत सोपा वाटणारा रस्ता म्हणजे यंदाचे सगळे भाव मिळवायचे, गेल्या वर्षीचे सगळे भाव मिळवायचे, भागाकार करून शंभराने गुणायचे. यंदाची बेरीज २,२७६, गेल्या वर्षीची २,१२५. निर्देशांक १०७.११. आता एवढेच करा की कांद्याचा भाव किलोऐवजी क्विंटलचा लिहा, म्हणजे २,५०० आणि २,०००. बाकी काही हलवू नका. बेरजा होतात ४,२५६ आणि ४,६००, आणि निर्देशांक ९२.५२. बाजारात काहीही बदललेले नाही, फक्त लिहिण्याचे माप बदलले, तरी सात टक्क्यांच्या महागाईची साडेसात टक्क्यांची स्वस्ताई झाली. साध्या बेरजेची पद्धत फ्रान्समध्ये द्युतो यांनी १७३८ साली वापरली होती आणि पाठ्यपुस्तकांत ती आजही पहिली शिकवतात. शिकायला हरकत नाही. व्यवहारात मात्र तिच्या आधारे एकाही वस्तूचा दर ठरवू नका.

माप बदलल्याने उत्तर बदलू नये, म्हणून दुसरा मार्ग निघाला. प्रत्येक वस्तूच्या भावाचे आधी स्वतंत्र गुणोत्तर काढायचे आणि मग त्यांची सरासरी घ्यायची. आपली गुणोत्तरे ११०, १४०, ११०, ८० आणि १०५. सरासरी १०९. इटलीच्या कार्ली यांनी १७६४ साली हेच केले. किलो-क्विंटलचा घोळ इथे संपतो, पण दुसरा सुरू होतो. एक वस्तू दुप्पट झाली आणि दुसरी निम्मी झाली, तर गुणोत्तरे २०० आणि ५०, सरासरी १२५. पुढच्या वर्षी दोन्ही पहिल्या भावावर परतल्या तर पुन्हा १२५. दोन वर्षांनी भाव जिथल्या तिथे, आणि निर्देशांक मात्र छप्पन टक्के महागाई सांगतो! म्हणून इंग्लंडच्या जेव्हन्स यांनी १८६३ साली सोन्याच्या मोलावर लिहिताना गुणोत्तर मध्य वापरला, म्हणजे गुणोत्तरांची बेरीज न करता गुणाकार करून त्याचे मूळ काढले. आपल्या पाच वस्तूंचा गुणोत्तर मध्य १०७.३१ येतो. पुस्तकातला हा भाग विद्यार्थी घाईने उलटतात. पण २०११-१२ आधार वर्षाच्या घाऊक किंमत निर्देशांकात आणि २०१२ आधाराच्या ग्राहक किंमत निर्देशांकात एकाच वस्तूचे ठिकठिकाणचे भाव एकत्र करताना हाच मध्य वापरला आहे.

तरीही खानावळीचा प्रश्न सुटलेला नाही, कारण या सरासरीत कांद्याला आणि सिलिंडरला सारखाच मान आहे. महिन्याच्या खरेदीत कांद्याचे ३,७५० रुपये आणि सिलिंडरचे १८,००० रुपये. दोघांना एका पंक्तीत कसे बसवणार? इथे भारांक येतात. निर्देशांकाचा जीव त्यांच्यातच आहे असे मी मानतो.

लास्पेयर यांनी १८७१ साली मांडलेली पद्धत साध्या भाषेत अशी आहे: गेल्या वर्षी जेवढा माल घेतला, नेमका तेवढाच यंदाच्या भावाने घेतला तर बिल किती झाले असते? गेल्या वर्षीचे बिल ४९,३५० रुपये. तोच माल यंदाच्या भावाने ५४,४२० रुपयांचा. भागाकार करून शंभराने गुणा: ११०.२७. हेच उत्तर दुसऱ्या वाटेने काढून पाहा, म्हणजे भारांक काय करतात ते दिसेल. गेल्या वर्षीच्या बिलात गॅसचा वाटा ३६.४७ टक्के, तेलाचा २१.०७, तांदळाचा २०.२६, डाळीचा १४.५९ आणि कांद्याचा ७.६०. प्रत्येक वस्तूची वाढ तिच्या वाट्याने गुणा. डाळीची चाळीस टक्के वाढ गुणिले तिचा वाटा, म्हणजे ५.८४. तेलाचे २.११, तांदळाचे २.०३, गॅसचे १.८२. कांद्याने १.५२ कमी केले. एकूण सव्वादहा टक्क्यांतले जवळजवळ सहा एकट्या डाळीचे, आणि सर्वांत मोठा वाटा असलेल्या गॅसचे दोनसुद्धा नाहीत. मालकीणबाईंना नुसता ११०.२७ हा आकडा सांगण्यापेक्षा ही फोड दाखवलेली जास्त उपयोगाची, कारण पुढची खरेदी कुठे आवळायची आणि डाळ हंगामात भरून ठेवायची का, हे तिच्यातून दिसते. निर्देशांक काढलात की ही फोड कराच. पाच मिनिटांचे काम आहे.

आता पाश्चे यांची १८७४ ची पद्धत. तिथे टोपली यंदाची. यंदा जेवढा माल घेतला तो यंदाच्या भावाने ५२,२१० रुपयांचा, आणि तोच गेल्या वर्षीच्या भावाने ४८,२०० रुपयांचा झाला असता. निर्देशांक १०८.३२. दोन टक्क्यांचा हा फरक आला कुठून? डाळ महागली तशी खानावळीने ती साठवरून चाळीस किलोवर आणली, आणि स्वस्त कांदा दीडशेवरून एकशेऐंशीवर नेला. माणूस महागाकडून स्वस्ताकडे वळतो. लास्पेयरची टोपली हे वळणे पाहत नाही म्हणून महागाई थोडी जास्त दाखवते. पाश्चेची टोपली वळून झाल्यावरची असते, म्हणून सहसा थोडी कमी दाखवते.

यातली बरोबर कोणती, असे विद्यार्थी विचारतात. प्रश्न काय विचारला आहे त्यावर ते ठरते. मुलांना गेल्या वर्षीसारखेच जेवण द्यायचे असेल, तर त्या जेवणाचा खर्च किती वाढला हे लास्पेयर सांगेल. पाश्चेचा १०८.३२ हा आकडा घेऊन दर ठरवला तर हिशेब स्वच्छ दिसेल, पण आमटी पातळ झाली आहे हे त्या आकड्यात कुठेच दिसणार नाही. ताटातले जे कमी झाले ते मुलांच्या पोटाने सोसले. म्हणून सेवेचा दर्जा कायम राखण्याचे वचन जिथे दिले आहे, तिथे आधार वर्षाचीच टोपली धरावी असे माझे स्पष्ट मत आहे.

अर्व्हिंग फिशर यांनी १९२२ च्या आपल्या ग्रंथात या दोहोंच्या गुणाकाराचे वर्गमूळ घेतलेल्या निर्देशांकाला आदर्श म्हटले. आपल्या उदाहरणात तो १०९.२९. काल-उत्क्रमण (वर्षांची अदलाबदल केली तर उत्तरही नेमके उलटे यावे) आणि घटक-उत्क्रमण (भावांचा निर्देशांक गुणिले नगांचा निर्देशांक म्हणजे बिलातला बदल) या दोन्ही कसोट्यांना तो उतरतो. परीक्षेसाठी एक सूचना: वर आलेल्या चारही बेरजा (४९,३५०, ५४,४२०, ४८,२०० आणि ५२,२१०) आधी वेगवेगळ्या स्तंभांत पूर्ण करा आणि मगच सूत्राला हात लावा. चुका सूत्रात होत नाहीत. कोणत्या भावाला कोणत्या वर्षाच्या नगांनी गुणले याच्या गोंधळात होतात.

याच चार बेरजांतून व्यापाऱ्याच्या फार कामाची एक गोष्ट निघते. खानावळीचे प्रत्यक्ष बिल ४९,३५० वरून ५२,२१० झाले, म्हणजे ५.८० टक्के वाढ. ‘आपला खर्च पावणेसहा टक्केच वाढला, भाव काही फार चढले नाहीत’ असे त्यावरून वाटणे अगदी साहजिक आहे आणि अगदी चूक आहे. बिलात भाव आणि नग दोन्ही मिसळलेले असतात. भाव १०.२७ टक्के वाढले आणि माल सुमारे चार टक्के कमी आला (५२,२१० भागिले ५४,४२०, म्हणजे ९५.९४). या दोहोंचा गुणाकार म्हणजे सुमारे १०५.८०. वर्षाची उलाढाल वाढली म्हणून पेढे वाटण्याआधी प्रत्येक दुकानदाराने ही फोड करून पाहावी. उलाढाल बारा टक्क्यांनी वाढली आणि भाव पंधरा टक्क्यांनी वाढले असतील, तर गल्ल्यात पैसे जास्त आले तरी विकलेला माल कमी आहे.

मग डब्याचा दर किती? शंभर रुपयांच्या डब्यात किराणा आणि गॅस मिळून साठ रुपये जात असतील, तर वाढ त्या साठ रुपयांवर लावायची: सहा रुपये सोळा पैसे. भाडे आणि स्वयंपाकाच्या बायकांचा पगार वाढला असेल तर त्यांचा हिशेब वेगळा मांडा. निर्देशांक दहा टक्के दाखवतो म्हणून सबंध डबा दहा टक्क्यांनी महाग केला, तर किराण्याचा निर्देशांक भाड्यालाही लावल्यासारखे होते.

हिशेब कितीही नेटका असला तरी भाव गोळा करताना चुकलात तर सगळे वाया जाते. आधार महिना निवडताना तो बऱ्यापैकी सामान्य आहे ना ते बघा. डिसेंबर २०१९ मध्ये कांदा किरकोळ बाजारात शंभरी ओलांडून गेला होता. तो महिना आधार धरला असता, तर पुढे बराच काळ तुमच्या निर्देशांकात कांदा स्वस्तच दिसत राहिला असता. शक्य असेल तर एका महिन्याऐवजी बारा महिन्यांची सरासरी आधार धरा. भाव त्याच दुकानाचा आणि त्याच प्रतीचा घ्या. यंदा कोलम आणि गेल्या वर्षी इंद्रायणी असे केलेत, तर ती भाववाढ नव्हे, तांदळाची अदलाबदल. वजनाकडेही लक्ष हवे. पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा वर्षानुवर्षे पाच रुपयांचाच राहतो आणि आतली बिस्किटे कमी होत जातात. वहीत ‘पुडा, पाच रुपये’ एवढेच लिहिले तर भाववाढ शून्य. शंभर ग्रॅमचा भाव लिहिला तर खरी वाढ सापडते.

स्वतःचा निर्देशांक काढता आला की सरकारी निर्देशांक वाचणेही सोपे जाते, कारण तिथेही पहिला प्रश्न टोपलीचाच असतो. २०११-१२ आधाराच्या घाऊक निर्देशांकात कारखानदारी वस्तूंचा भार ६४.२३, प्राथमिक वस्तूंचा २२.६२ आणि इंधन-विजेचा १३.१५. त्यात सेवा नाहीत आणि अप्रत्यक्ष करही धरलेले नाहीत. २०१२ आधाराच्या ग्राहक निर्देशांकात मात्र खाद्यपदार्थ आणि पेये यांचाच भार ४५.८६ होता. २०२३ साली याचा चांगला धडा मिळाला. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात घाऊक महागाईचा दर शून्याच्या खाली होता. त्याच काळात, जुलैमध्ये, ग्राहक महागाई ७.४४ टक्क्यांवर गेली. टोमॅटोच्या भावाने हैराण झालेल्या गृहिणीला ‘महागाई उणे आहे’ ही बातमी थट्टेसारखी वाटली असेल, पण दोन्ही आकडे खरे होते. कारखान्यात लागणारा माल आणि इंधन आधीच्या वर्षीच्या चढ्या भावांच्या तुलनेत उतरले होते, भाजी चढली होती, आणि दोन टोपल्यांत त्यांचे वजन वेगवेगळे होते.

म्हणून कंत्राटात भाववाढीचे कलम घालताना नुसते ‘महागाईनुसार’ असे कधीही लिहू नका. कोणता निर्देशांक, कोणते आधार वर्ष, संपूर्ण निर्देशांक की त्यातला एखादा गट, आणि कोणत्या महिन्याचा आकडा, हे चारही शब्दांत लिहा. घाऊक निर्देशांकाचा आधी तात्पुरता आकडा येतो आणि दहा आठवड्यांनी अंतिम. कलमात ‘अंतिम’ हा शब्द नसेल तर बिलाच्या वेळी दोन पक्षांच्या हातात दोन आकडे असतात. पोलाद वापरणाऱ्या फॅब्रिकेटरने संपूर्ण घाऊक निर्देशांकाला बिल जोडणेही धोक्याचे. त्यात खाद्यतेल आणि कापडही आहे, त्यांचा त्याच्या खर्चाशी संबंध नाही.

वाचतानाची सर्वांत सामान्य चूक अंक आणि टक्के यांची. निर्देशांक १८० वरून १८९ झाला तर तो नऊ अंकांनी वाढला, पण टक्के पाचच: नऊ भागिले एकशेऐंशी. दुसरी चूक दराची. निर्देशांक १५० वरून १६२ झाला, ही आठ टक्के वाढ. पुढच्या वर्षी १६२ वरून १६८.४८ झाला, ही चार टक्के. ‘महागाई निम्म्यावर आली’ ही बातमी खरी आहे, पण एकही वस्तू स्वस्त झालेली नाही. चढण्याचा वेग कमी झाला, एवढेच. भाव उतरले असे म्हणायचे तर आकडा १६२ च्या खाली यायला हवा होता.

पगाराचेही असेच तपासा. पगार ३०,००० असताना निर्देशांक १२५ होता. आज पगार ३६,००० आणि निर्देशांक १५५. पगाराला निर्देशांकाने भागून शंभराने गुणले की आधार वर्षातल्या रुपयांत तेव्हाचे २४,००० आणि आजचे सुमारे २३,२२६ रुपये येतात. वीस टक्के पगारवाढ मिळूनही घरात येणारी वस्तूंची पिशवी तीन टक्क्यांनी हलकी झाली आहे. वेतनकराराच्या बोलण्यात बसताना कामगार प्रतिनिधींच्या खिशात हा भागाकार असायलाच हवा.

वेतनकरारांचा विषय निघाला म्हणून औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण भत्ता तिथूनच येतो. हा निर्देशांक श्रम ब्युरो काढते. सप्टेंबर २०२० च्या आकड्यापासून त्याचे आधार वर्ष २००१ ऐवजी २०१६ झाले. नव्या टोपलीत खाद्यपदार्थांचा भार ४६.२० वरून ३९.१७ वर आला, घरांचा १५.२७ वरून १६.८७ वर गेला, आणि शिक्षण, आरोग्य, प्रवास अशा किरकोळ गटाचा वाढून ३०.३१ झाला. कामगाराच्या खर्चाचा तोल बदलला, तो टोपलीत उतरला. जुन्या आणि नव्या मालिकेला जोडणारा गुणक २.८८ आहे. म्हणजे नवा एक अंक जुन्या २.८८ अंकांइतका. तुमच्या करारात ‘दर अंकामागे इतके रुपये’ असे असेल आणि करार जुन्या मालिकेवर झाला असेल, तर नव्या मालिकेचे अंक २.८८ ने गुणल्याशिवाय हिशेब करू देऊ नका. गुणक विसरला तर भत्त्याची वाढ जवळजवळ एकतृतीयांशावर येते.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी सातव्या वेतन आयोगाचे सूत्रही याच गुणकावर चालते. समजा नव्या मालिकेची बारा महिन्यांची सरासरी १४० आहे. तिला २.८८ ने गुणले की ४०३.२०. त्यातून २६१.४२ वजा करा. ही २०१५ सालची, जुन्या मालिकेतली बारा महिन्यांची सरासरी. उरतात १४१.७८. त्यांना पुन्हा २६१.४२ ने भागून शंभराने गुणले की ५४.२३. अपूर्णांक सोडला जातो, भत्ता ५४ टक्के. एका महिन्याचा निर्देशांक दोन अंकांनी उडाला म्हणून भत्ता लगेच उडत नाही, त्याचे कारण या बारा महिन्यांच्या सरासरीत आहे.

जुन्या-नव्या मालिकेचा असा जोड खानावळीलाही एक दिवस लागेल. समजा तूरडाळ परवडेना म्हणून आठवड्यातून तीन दिवस मूगडाळ सुरू झाली आणि शेंगदाणा तेलाच्या जागी सोयाबीनचे आले. जुनी टोपली आता कोणाच्याच स्वयंपाकघरात नाही. अशा वेळी यंदाचे वर्ष नवा आधार धरून नव्या टोपलीचा निर्देशांक सुरू करा. पुढच्या वर्षी तो १०४ आला तर जुन्या मालिकेत तो ११०.२७ गुणिले १.०४, म्हणजे ११४.६८. बेरीज करून ११४.२७ लिहू नका. जोडाच्या वर्षी दोन्ही टोपल्यांचे भाव लिहून ठेवा, आणि वहीच्या त्या पानावर टोपली कोणत्या तारखेला आणि कशासाठी बदलली तेही लिहा. दोन वर्षांनी दर का वाढवला असे कोणी विचारले, तर ते पान उघडून समोर ठेवता येते.